हँडलवर जागा किती? वारजे ते शिवाजीनगर, ई-सायकलच्या नोंदी

रविवार, २८ एप्रिल २०२४

सायकल येऊन आठ दिवस झाले. २६ इंची चाकं, मागच्या चाकात २५० वॅटच्या आतली हब मोटर, ३६ व्होल्ट १० ॲम्पिअर-तासाची काढता येणारी बॅटरी, दोन्हीकडे तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. वजन २३ किलो. रोजचा रस्ता वारजे, कर्वेनगर, कर्वे पुतळा, नळस्टॉप, डेक्कन. पुढे जाताना फर्ग्युसन रस्ता, येताना जंगली महाराज. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, त्यात बॅटरी निम्मी खाली येते.

दुकानदार साडेचार हजारांचं ‘ॲक्सेसरी किट’ गळ्यात मारत होता. फोनचा स्टँड, चाकात लावायचे निळे दिवे, पोलिसांच्या गाडीसारखा आवाज काढणारा हॉर्न, जेलचं सीट कव्हर, बाटलीचा पिंजरा. मडगार्ड आहे का विचारलं, तर “ते वेगळं घ्यावं लागेल ताई.” पुण्यात एप्रिलच्या शेवटी सायकल विकायची आणि किटमध्ये मडगार्ड नाही, याला काय म्हणावं. शिवाय हळू आवाजात, “स्पीड खोलून देऊ का? पस्तीसपर्यंत जाते.” नको म्हटलं. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे म्हणूनच हिला नंबरप्लेट, विमा, लायसन्स लागत नाही. पस्तीसला गेली की ती कागदपत्रं नसलेली स्कूटर झाली. ब्रेकही त्या वेगाचे नाहीत.

म्हणून ही वही. नियम एकच: एखादी अडचण आली की तिच्या नावापुढे एक रेघ ओढायची. तीन रेघा झाल्या तरच खरेदी. एकूण मर्यादा ९,००० रुपये.

हेल्मेट नियमाबाहेर, ते पहिल्याच दिवशी घेतलं. कायद्याने सक्ती नाही. घरात स्कूटरचं आयएसआयवालं पडून होतं, ते घालून दोन दिवस पॅडल मारलं, डोकं उकडून निघालं. सायकलचंच घेतलं, आत ईएन १०७८ चं (सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकाचं) लेबल बघून. दुकानात आरशासमोर छान बसलं. ऑफिसला निघताना कळलं की मागची आवळायची चकती बरोबर केसांच्या क्लचरवर येते. वेणी आता मानेशी, खाली बांधते.

खर्च १,८५०.

रविवार, ५ मे

रेघांची स्थिती:

ओढणी मागच्या चाकाकडे उडते – ४
पाठीवरच्या सॅकमुळे कुर्ता भिजतो – ५
खंडुजीबाबा चौकात उजवीकडे वळताना मागे बघावं लागतं – ५
नळस्टॉपच्या दुमजली पुलाखाली अंधार असतो – २
बॅटरी तिसऱ्या मजल्यावर न्यावी लागते – ५ (यावर विकत घेण्यासारखं काही नाही. अडीच किलो आहे, नेते.)
तहान – १
फोन बघायची गरज – ०

ओढणीचं खरं तर एकाच रेघेत संपायला हवं होतं. मंगळवारी टोक आऱ्यांत शिरता शिरता राहिलं. आमच्या लहानपणीच्या लेडीज सायकलला मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी असायची, साडीसाठी. चेनवर पूर्ण डबा असायचा. आताच्या सायकली बनवणाऱ्यांच्या डोळ्यापुढे सगळं जग अर्ध्या चड्डीत फिरतं. पन्नास हजारांच्या आसपासच्या कुठल्याही ई-सायकलवर मला जाळी दिसलेली नाही.

सोमवार, १३ मे

मतदानाची सुट्टी. थेट कॅरिअर घ्यायला. सीटच्या दांड्यावर एकाच पट्ट्याने आवळायचं कॅरिअर मिळालं, ७०० रुपये. पाच मिनिटांत बसलं. डबा, छत्री, पर्स असं सगळं सॅकमध्ये भरून सॅक त्यावर बांधली. पाठ मोकळी. आनंद.

एकूण २,५५०.

रविवार, १९ मे

आनंद चार दिवस टिकला. त्या कॅरिअरवर बारीक अक्षरांत ‘कमाल १० किलो’ असं लिहिलंय. माझं ओझं सहा किलो, तरी फर्ग्युसन रस्त्यावर पूर्ण कॅरिअर डावीकडे फिरलं. एका पट्ट्यावर उभी असलेली वस्तू फिरणारच. वळणावर ओझं एका बाजूला आणि मी दुसऱ्या.

सकाळी आमच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. वारज्यातल्या पत्र्याच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस. ई-सायकलला हात लावायला आधी तयार नव्हते, “त्यात करंट आहे.” म्हटलं काका, बॅटरी काढून घरी ठेवून आलेय. मग मात्र उकिडवे बसून मागचं चाक पाच मिनिटं नुसतं बघत राहिले. काकांची पद्धत अशी की आधी बघायचं, बोलायचं नंतर, पैशांचं सगळ्यात शेवटी.

चार पायांचं लोखंडी कॅरिअर निवडलं, ‘कमाल २५ किलो’ अशी अक्षरं ठोकून उमटवलेलं. अडचणी दोन. डावीकडे डिस्क ब्रेकचा ठोकळा बाहेर येतो, त्यामुळे कॅरिअरचा पाय सरळ उतरत नाही. त्याला काकांनी पाईपचा बोटभर तुकडा कापून मध्ये घातला आणि लांब बोल्ट लावला. दुसरी अडचण मी बघितलीच नव्हती. मोटरची वायर उजवीकडे आसाच्या टोकातून बाहेर येते आणि लगेच वर वळते. कॅरिअरचा पाय नेमका तिच्यावर टेकत होता. “ताई, हे आवळलं असतं ना, महिन्याभरात वायर सोलली असती. मग म्हणाला असता मोटर गेली.” वायर मोकळी करून पायाच्या आतल्या बाजूने नेली, दोन प्लास्टिक टायने बांधली आणि खाली एक झोळ ठेवला. पाणी झोळातून गळून पडावं, कनेक्टरकडे वाहत जाऊ नये म्हणून.

कॅरिअर ११५०. आधीचं परत घेणार नाही म्हणाले दुकानदार. ते ७०० शिकवणीत जमा.

जाळीचं काम घरीच केलं. बोहरी आळीत प्लास्टिकची कडक जाळी मीटरवर मिळाली. पुठ्ठ्यावर पंख्याच्या आकाराचा नमुना काढला, दोन तुकडे कापले, कॅरिअरच्या पायांना टायने आवळले. चाकापासून अंतर दोन बोटं. १२० रुपये. सासूबाईंनी गॅलरीतून बघून “कोंबड्यांचं खुराडं दिसतंय” म्हटलं. दिसू दे.

एकूण ३,८२०.

रविवार, २६ मे

आरशाची नोंद जरा लांब होणार.

आपण डावीकडून चालवतो, म्हणजे आरसा उजव्या मुठीच्या टोकाला हवा. हँडलच्या पोकळ टोकात रबरी बूच आवळून बसणारा गोल आरसा घेतला, ३५० रुपये. माझ्या सायकलला उजवी मूठ पिळली की मोटर रेस होते, स्कूटरसारखी. मुठीचं टोक बंद होतं, ते ब्लेडने कापलं, आरसा आत सरकवला, ॲलन कीने आवळला. बुधवारी सकाळी निघाले. कर्वेनगरपर्यंत मस्त, मागची पीएमपी बस तळहाताएवढ्या आरशात सगळी दिसते.

कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला मूठ सोडली आणि सायकल थांबेना. मूठ परत फिरलीच नाही. आरशाचा पत्रा मुठीच्या कडेला चिकटून बसला होता आणि स्प्रिंगला त्याचं घर्षण पेलत नव्हतं. पुढे रिक्षा. दोन्ही ब्रेक दाबले. वाचले ते ब्रेकच्या लिव्हरमध्ये असलेल्या छोट्या स्विचमुळे, लिव्हर जरा ओढली की मोटरचा पुरवठा तुटतो. पण ब्रेक सोडला की सायकल परत पुढे! तीनदा झालं. शेवटी डिस्प्लेचं बटण दाबून सगळं बंद केलं, उतरले आणि हातांची थरथर थांबेपर्यंत फुटपाथला उभी राहिले. रिक्षावाले मामा मागे वळून म्हणाले, “नवीन आहे वाटतं.”

दोन गोष्टी लिहून ठेवते. फिरणाऱ्या मुठीला टेकेल असं काहीही लावायचं नाही, आणि काही लावलंच तर स्टँडवर चाक उचलून मूठ वीस वेळा पिळून सोडून बघायची. आणि ब्रेकची लिव्हर कधी बदलायची वेळ आली तर स्विचवालीच घ्यायची, साधी स्वस्त दिसते म्हणून नाही.

आरसा आता मुठीच्या आत, ब्रेकच्या अलीकडे, वेगळ्या क्लॅम्पवर. ८० रुपये. दृश्यात माझं कोपर थोडं येतं.

एकूण ४,२५०.

सोमवार, ३ जून

फोनचा स्टँड घेतला. ४५० रुपये. नियम मोडून, शून्य रेघांवर. लेकाने हट्ट केला, मलाही वाटलं असावा. हँडल मोजलं: ६४ सेंटिमीटर. त्यातल्या दोन मुठी, दोन लिव्हर, गिअरचं बटण, डिस्प्ले आणि आरसा गेला की उरते ती ओंजळभर जागा. आमच्या वाड्यातल्या ओट्यासारखी, पातेलं ठेवलं की पोळपाटाला जागा नाही. स्टँड लावल्यावर डिस्प्लेवरचा बॅटरीचा आकडा झाकला गेला.

शुक्रवार, ७ जून

स्पीडब्रेकरवर फोन उडाला. काच शाबूत. स्टँड उतरवला. कॅमेऱ्यातली हलणारी भिंगं सततच्या हादऱ्याने बिघडतात असंही आहे. ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलच्या कंपनांबद्दल तशी लेखी सूचनाच दिली होती. सायकलला इंजिन नाही, पण कर्वेनगरचे स्पीडब्रेकर ती कसर भरून काढतात. रस्ता मला तोंडपाठ आहे, नकाशा हवाय कोणाला?

एकूण ४,७००, त्यातले ४५० निव्वळ मूर्खपणाचे.

रविवार, ९ जून

काल दुपारी आभाळ फाटलं. शिवाजीनगरहून घरी येईपर्यंत पाठीवर खालून वरपर्यंत चिखलाचा एकच पट्टा, मानेपर्यंत. समोरच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट तोंडात आणि खाली बॅटरीच्या खाचेवर. मडगार्डच्या नावापुढे एकच रेघ आहे, पण ती पाठभर आहे.

काकांकडे आज चार सायकलवाले याच कामासाठी रांगेत. मागचं सीटखाली अडकवायचं छोटं पान ‘स्टायलिश’ म्हणून विकतात, ते पाठ वाचवतं, मोटरची वायर वाचवत नाही. पूर्ण लांबीचे घेतले, दोन्ही चाकांना, काड्यांवर आवळायचे. जोडी ६८०. टायर आणि मडगार्डमध्ये काकांनी करंगळी घालून अंतर तपासलं. कमी ठेवलं तर ओला चिखल आणि पानं त्यात अडकून चाक घासत राहतं आणि आपण मोटरला शिव्या घालतो. पुढच्या मडगार्डला खाली रबराची जीभ लावली, जुन्या पायपुसण्याची, जमिनीपासून वीतभर. पायांवरचं आणि चेनवरचं पाणी त्या जिभेने बंद झालं. फुकटची सगळ्यात कामाची वस्तू.

एकूण ५,३८०.

रविवार, १६ जून

रेनकोटचं जमत नाही. मोटर मदत करते तरी पाय चालूच असतात, आतून घामाने भिजते, बाहेरून पावसाने. पोंचो बरा, खालून वारा लागतो. घरातच होता, जुना ट्रेकचा.

पण गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातली मैत्रीण स्कूटरवरून मागे होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “अगं, तुझा मागचा दिवाच नव्हता चालू.” चालू होता. सीटच्या दांड्यावर होता आणि पोंचो त्याच्यावर पडद्यासारखा लोंबत होता. सायकलबरोबर आलेला तो दिवा किती दिवस नुसता मलाच उजेड देत होता देव जाणे. इथे तीन रेघांचा नियम उपयोगाचा नाही. ज्या अडचणीची रेघ मला ओढता येत नाही, दुसऱ्यालाच दिसते, ती एकदा कळली तरी पुरे.

मागे नवा लाल दिवा कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर, सगळ्या कापडांच्या मागे. ४५०. डोळे मिचकावणारा न ठेवता स्थिर ठेवते. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्याला अंतर कळत नाही असं मला मागून गाडी चालवताना नेहमी वाटतं. पुढचा ९००, ४०० ल्युमेनचा. नळस्टॉपच्या पुलाखाली आता खड्डा आधी दिसतो, मग लागतो. हे दिवे निवडताना एकच तपासलं: चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट आहे का आणि डब्यावर आयपीएक्स ५ किंवा वर लिहिलंय का. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार. पुण्यातला पाऊस शिंतोडे या सदरात मोडत नाही.

पुढच्या दिव्याचं तोंड खाली केलं, समोरच्या भिंतीवर उजेडाची वरची कड माझ्या कमरेच्या वर जाणार नाही इतकं. ४०० ल्युमेन समोरच्या आजोबांच्या डोळ्यांत मारणं हा गुन्हा नसेल, पण असायला हवा.

दुकानदाराने दोन्ही दिवे ‘मेन बॅटरीवर’ जोडून द्यायची तयारी दाखवली. दिवे पाच व्होल्टवर चालतात. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते. मध्ये कन्व्हर्टर आणि फ्यूज लागेल का विचारलं, तर “काही होत नाही.” म्हणून तर नाही जोडले. आठवड्यातून दोनदा फोनच्या चार्जरला लावते.

एकूण ६,७३०.

रविवार, ३० जून

आज पालख्या पुण्यात. सकाळी कामासाठी डेक्कनला जायचं होतं. पुढचे रस्ते बंद, मग उतरून गर्दीतून सायकल हातात धरून चालले. इथे एक गोष्ट कामी आली जी विकत घ्यावी लागली नाही: डिस्प्लेचं खालचं बटण दाबून धरलं की मोटर चालण्याच्या गतीने, ताशी सहा किलोमीटरने, सायकल ओढते. पुस्तिकेत होतं, मी वाचलं नव्हतं.

एका वारकरी आजींनी जाळीकडे बघून विचारलं, “यात काय ठेवता?” म्हटलं ओढणी आत जाऊ नये म्हणून. “शहाणी आहेस,” म्हणाल्या. सासूबाईंना सांगितलं.

हॉर्नचा विषय इथे संपवते. मैत्रिणीच्या मुलाने त्याचा जास्तीचा हॉर्न मला दिला होता, लावून बघितला. पहिल्याच वेळी सोसायटीत एक बाई दचकून भाजीची पिशवी टाकून बसल्या. सायकल आवाज न करता येते, ही अडचण खरी आहे, पण त्यावर लोकांना घाबरवणं हा उपाय नाही. पितळी वाटीची जुन्या पद्धतीची घंटी घेतली, १२०. तिच्या टणत्काराचा अर्थ पुण्यात अजून सगळ्यांना कळतो, ‘बाजूला व्हा’ असा नाही, ‘मी आहे’ असा. पावसात वाटीत पाणी साचलं की आवाज बसतो, म्हणून तिरकी लावली.

एकूण ६,८५०.

रविवार, १४ जुलै

पंक्चर. तेही मागे, मोटरच्या चाकाला, शुक्रवारी रात्री आठला, पावसात, एरंडवण्यात. पहिला पंक्चरवाला: “मोटारचं चाक खोलत नाही.” दुसरा: “उद्या या.” तिसऱ्या ठिकाणी एक पोरगा होता, विशीतला. म्हणाला, “चाक कशाला खोलायचं?” सायकल आडवी केली, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवली, ट्यूब बाहेर ओढली, फुगवली, भोक शोधलं, घासलं, पॅच मारला, परत आत ढकलली. चाक जागचं हललं नाही. वायर, नट, वॉशर, कशालाच हात नाही. तीस रुपये. मी बघत उभी होते, तोंड उघडं टाकून. गेले अडीच महिने मी या एका गोष्टीच्या धास्तीने पंक्चर न होणारे भरीव टायर बघत होते.

त्याने आतून टायर चाचपडला आणि काच काढून माझ्या तळहातावर ठेवली, तांदळाच्या कणीएवढी. “ही नाही काढली तर घरी जाईपर्यंत परत.”

शनिवारी पिशवी भरली. टायर उतरवायच्या दोन प्लास्टिक पट्ट्या, पॅच आणि सोल्यूशन, सँडपेपर, छोटा पंप, आणि १८ मिलिमीटरचा पाना, कारण ट्यूबच बदलायची वेळ आली तर आसाचे नट त्याच मापाचे आहेत. ७८० रुपये. घरी एकदा शांतपणे चाक काढूनही बघितलं, लेकाला फोटो काढायला लावून. मोटरच्या वायरचा कनेक्टर सरळ ओढायचा, पिळायचा नाही. जोडताना दोन बाणांची टोकं समोरासमोर. आसावरच्या खाचेत बसणारा दातवाला वॉशर होता तसाच, दात खाचेत. तो उलटा किंवा विसरला तर मोटर चाक फिरवण्याऐवजी आसच फिरवते आणि वायर पिळवटून तुटते.

ट्यूबची पिन स्कूटरसारखीच जाड आहे, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. दाब टायरच्या कडेवर लिहिलेला असतो. पंपावरचा मुलगा आकडा न विचारता भरतो, आपण सांगायचा. २३ किलोची सायकल, वर मी, वर सामान, म्हणून दर रविवारी हवा. पोरगा म्हणाला त्याच्याकडे येणाऱ्या ई-सायकलींची निम्मी पंक्चरं नुसती कमी हवेने होतात.

एकूण ७,६३०.

गुरुवार, २५ जुलै

ऑफिसला गेले नाही. शहरात पुरासारखी स्थिती, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत शिरलंय. मावशी तिकडे राहते, वरच्या मजल्यावर आहे, फोन लागला. आमच्या पार्किंगमध्ये पहाटे घोटाभर पाणी. सुरक्षारक्षक मामांनी बेल वाजवली, “वहिनी, सायकल.” बॅटरी नेहमीप्रमाणे वरच होती. सायकल मामांनी आणि लेकाने जिन्यातून पहिल्या वळणापर्यंत उचलली. कॅरिअर, मडगार्ड, जाळी धरून चांगलीच जड झाली असणार, दोघेही धापा टाकत होते. लावलेली प्रत्येक वस्तू जिन्यात मोजली जाते.

रविवार, २८ जुलै

बॅटरीची खाच आणि पिना कोरड्या फडक्याने पुसल्या, दिवसभर उघडी ठेवली, मग पिनांवर ओल अडवणारं डायलेक्ट्रिक ग्रीस, ९० रुपयांची ट्यूब. ओल्या पिनांना चार्जर लावायचा नाही. चेन सुकवून तेल. पाणी आसापर्यंत पोचलं नव्हतं, मोटर ठीक.

एकूण ७,७२०.

रविवार, ११ ऑगस्ट

कॅरिअरवर सॅक बांधायला रोज चार मिनिटं जातात, हुकवाली दोरी एकदा डोळ्याजवळून सटकली. बाजूला लटकणाऱ्या तयार बॅगा अठराशेच्या खाली नाहीत. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका दुकानात गेले आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. वरून गुंडाळून बंद होणारं तोंड, मागे दोन हुक, खाली एक लवचिक पट्टा. त्यांनी तोंडाची शिवण आतून आणि बाहेरून दोनदा मारून दिली. शिलाई-कापडाचे ६००, हुकांचे १५०. लावल्यावर पहिल्याच पॅडलला टाच बॅगेला थडकली. बॅग चार बोटं मागे सरकवली, आता फक्त पावसाळी बूट घातल्यावर लागते. बॅग डावीकडेच लावते, फुटपाथच्या बाजूला. उजवीकडे लावली तर दुचाकीवाले घासून जातात.

जंगली महाराज रस्त्यावरून येताना हुक वाजत नाहीत, कर्वे रस्त्याला लागले की खडखडाट सुरू. १९७६ साली केलेला रस्ता अजून गप्प आहे. हुकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत.

एकूण ८,४७०.

रविवार, १ सप्टेंबर

ऑफिसच्या पार्किंगमधून माझ्या शेजारच्या सायकलचं सीट गेलं. अख्खं, दांड्यासकट. सायकलला कुलूप होतं, सीटला हाताने उघडायची कळ होती. मालक उभ्याने चालवत घरी गेला. त्याच संध्याकाळी माझ्या सीटची कळ काढून काकांकडून नट-बोल्ट लावला, ३० रुपये. पुढच्या चाकालाही तशीच कळ आहे, तिथे बदलायला योग्य मापाचा आस मिळेना. म्हणून यू आकाराचं जाड कुलूप, १,१००, पुढचं चाक आणि फ्रेम मिळून पार्किंगच्या पाईपला. मागचं चाक कोणी १८ चा पाना घेऊन सोडवत बसला तर त्याला चहा द्यावा लागेल.

कुलूप सव्वा किलो. ते ऑफिसच्या पाईपलाच लटकवून येते.

एकूण ९,६००. मर्यादा ओलांडली, ६०० ने. फोनचा स्टँड ऑफिसातल्या एका मुलाला २०० ला विकला. कॅरिअर नंबर एक काकांच्या दुकानात खिळ्याला टांगलंय, अजून गिऱ्हाईक नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

विसर्जनाचे दोन दिवस सोडले तर महिनाभर रोज चालवली. मागचे ब्रेक पॅड पातळ झालेत, पाच महिन्यांत. साध्या सायकलपेक्षा लवकर जाणारच, वजन आणि वेग दोन्ही जास्त. जास्तीची एक जोडी पिशवीत टाकायची आहे. आरशाचा क्लॅम्प ढिला होतोय, खाली ट्यूबची पट्टी घालून बघते. पाण्याच्या बाटलीच्या नावापुढे अजून एकच रेघ, मे महिन्यातली.

ऑफिसात दुसरा चार्जर ठेवावा का, यावर दोन रेघा झाल्या आहेत. दोन्ही वेळा रात्री बॅटरी वर नेली आणि लावायला विसरले.